काजळाचं बोट

"वर बघा, वन्सं. आढ्याकडं. पापणी मिटलीत तर सगळं गालावर येईल, अन् पाव्हणे म्हणतील, पोरगी चुलीतनं काढून आणली."

मला हसू आलं. वहिनीनं माझी हनुवटी घट्ट धरली.

"हसू नका म्हणते ना! आधीच एवढे एवढे डोळे. हसलात की तेही जातात."

असं बोलायची मुभा सगळ्या गावात फक्त तिला होती. दुसरं कुणी माझ्या डोळ्यांवर बोललं, तर यमुनावहिनी पदर खोचून भांडायला उठायची. माझे डोळे बारीक होते; शाळेत मुली मला 'झोपाळू' म्हणायच्या. त्या साली दोन ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले आणि मागून निरोप आला, मुलगी गुणाची आहे, पण. त्या 'पण'च्या पुढं कुणी काही बोललं नाही. आता तिसरे, खडकीचे पिंगळे, येणार होते. दौलतमामांनी जमवून आणलेलं स्थळ. आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "हे फिसकटलं तर दौलतला काय तोंड दाखवू मी?"

वहिनी रात्रपाळी करून सकाळीच आली होती. केस अजून ओले होते, पाठीवर पोलक्याला ओल आली होती. झोपायचं सोडून ती मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात घेऊन बसली होती. आगकाडीच्या टोकाला तिनं कापूस गुंडाळला होता आणि पितळेच्या झाकणावर कालवलेलं काजळ ती त्या काडीनं उचलत होती.

"बोटानं का घालीना?" मी विचारलं.

"माझी बोटं जाड. कारखान्यातली."

"झोंबतंय."

"झोंबू द्या. दुपारपर्यंत डोळे असे उघडतील, की पिंगळ्यांचा पोरगा बशीतला चहा मांडीवर घेईल."

"काय घातलंयस त्यात? पाला आहे का कसला?"

"आहे आमच्याकडची युक्ती. जवळचं जरा धुकट दिसंल. तोंड सुकंल. भ्यायचं नाही, चार-आठ दिवसांत उतरतं." तिनं काडी चुलीत टाकली आणि मला दूर धरून न्याहाळलं. "बरं का वन्सं, लग्नात मला साडी पाहिजे. रेशमी, टोपपदराची. सुती दिलीत तर मंडपात रुसून बसेन."

वहिनी गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या कारखान्यात कामाला होती. डॉक्टर डोळा तपासायच्या आधी जे थेंब घालतात, बाहुली मोठी करणारे, त्या थेंबांची पावडर तिथं तयार व्हायची. वाळवायची, चाळायची, भरायची. थेंबात ती नावाला असते, आणि इथं पिंपं भरलेली. घरी आली की वहिनी तिथल्या गमती सांगायची. अंगभर पांढरा पोशाख, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडावर नळीची मुखपट्टी. सुटताना डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय घरचं लुगडं हाताला मिळत नाही. आणि मग दारात एक बाई प्रत्येकीच्या डोळ्यात टॉर्च मारते. उजेडानं बाहुली आक्रसली पाहिजे. आक्रसली नाही, की घरी सोडत नाहीत, कारखान्याच्या दवाखान्यात बसवून ठेवतात.

"एकदा आमच्या शकूची आक्रसलीच नाही," वहिनी सांगायची. "मोज्याला भोक पडलेलं, अन् घाम पुसला असंल तिनं. डोळे असे काळेभोर टपोरे! आम्ही म्हटलं, शके, तू तर नटी दिसाया लागलीस."

शकूची गोष्ट तिनं मला बऱ्याचदा सांगितली होती.

झाकणावर थोडं काजळ उरलं होतं. वहिनीनं ते माजघरातल्या कोनाड्यात ठेवलं, वर. "हे परसात पुरायचंय. आधी दूध उतरवते," म्हणाली आणि स्वयंपाकघराकडं वळली. तेवढ्यात रस्त्यावर जीप वाजली. पिंगळे दुपारी यायचे ते सकाळीच हजर झाले. मामांचा आवाज ऐकू आला, "ऊन व्हायच्या आत आलो, अक्का! आहे का कुणी घरात?"

आणि मग घरात जी पळापळ झाली, तीत ते पुरायचं राहिलं.

आई तेव्हा नुकतीच दारातून आत आली होती. आई गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायची. रोज पहाटे निघायची. कुणाच्या घरी दोन दिवसांचं बाळ, कुणाच्या घरी महिन्याचं. पाटावर बसून पाय लांब सोडायची, त्या पायांवर बाळ उताणं घ्यायची, आणि पाणी घालता घालता ओव्या म्हणायची. बाया म्हणायच्या, गिरजाअक्काच्या हाताला बाळ रडत नाही. पोट दुखणारी, झोप न येणारी, अंग न धरणारी, सगळी लेकरं तिच्याकडं यायची. काजळही तीच धरायची. एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताट उपडं घालून जमवलेलं, लोण्यात खललेलं. गावातली निम्मी पोरं आईच्या काजळातून जग बघायला शिकली होती.

"सुनंदे, तू आत बस. यमुने, पोहे टाक," आई पदरानं तोंड पुसत म्हणाली आणि पाळण्याकडं गेली. पाळण्यात सोपान होता. दादा-वहिनीचा पहिला मुलगा, नुकताच पालथा पडायला लागलेला. दादा टेम्पो घेऊन सोलापूरला गेलेला. वडील आम्हाला नव्हतेच. त्यामुळं त्या घरात सोपान म्हणजे एकटाच पुरुष, असं वहिनी म्हणायची.

बाहेर पाव्हण्यांच्या गप्पा चालल्या होत्या आणि मी तासभर माजघरात आरशापुढं बसले होते. आरशातली बाई मी नव्हते. दोन काळी, खोल, ओली डोळ्यांची तळी माझ्याकडं बघत होती. मी जवळ सरकले की चेहरा विरघळायचा, लांब गेले की पुन्हा ती दिसायची. मला रडू येईलसं वाटलं. इतके दिवस कुठं होती ही?

मागं आईचा आवाज येत होता. ती सोपानला झबलं चढवत होती.

"चार माणसं आलीत, बघतील, नावाजतील. काजळावाचून नेऊ का माझ्या राजाला? माझी डबी त्या सोनारणीच्या घरी राहिली की काय..." मग ती थांबली. "अगं बया, यमुनेनं ताजं धरलंय वाटतं. बरं झालं."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. घरात काजळ असलं तर ते आधी बाळाचं, मग दुसऱ्या कुणाचं. आईनं कोनाड्यातलं झाकण खाली घेतलं, बोट बुडवलं आणि सोपानच्या डोळ्यांतून फिरवलं, एक इकडं, एक तिकडं. गालाला तीट लावली. तो तिचं बोट धरायला बघत होता, ते तिनं त्याच्या तोंडातनं सोडवून घेतलं. आणि तिच्या त्या जाडसर, दाणेदार आवाजात म्हणाली,

*काजळ घालू बाई, किती बारीक ओढू रेघ*
*सोपानाचं माझ्या डोळं, जसं पान्यानं भरलं मेघ*

बाहेरून मामांनी हाक मारली. मी पदर नीट केला आणि पोह्यांचं ताट घेऊन निघाले.

पिंगळ्यांकडून चौघं आले होते. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई आणि जीप चालवणारा चुलता. मुलाची आई ठसठशीत कुंकवाची, बोलघेवडी बाई होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाहातच राहिली.

"दौलतराव, तुम्ही तर म्हणालात पोरगी साधी आहे."

"साधीच आहे की," मामा गोंधळून म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा नीट पाहिलं.

"साधी कसली? डोळे बघा की हिचे! गायीसारखे." त्या बाईनं मला शेजारी बसवून घेतलं. "शाळा किती झाली, बाळ? हे वाचून दाखव बरं." तिनं पेपरचा तुकडा माझ्या हातात दिला. अक्षरं मुंग्यांसारखी पळाली. मी कागद लांब धरला, जवळ धरला. सगळे हसले. "लाजली! राहू दे गं, राहू दे. आम्हाला काय मास्तरीण करायचीय का?"

मुलगा खाली बघत होता. मग त्यानं एकदा वर पाहिलं, आणि त्याचा चहा खरोखरच बशीतून सांडला. वहिनीला कधी एकदा सांगते, असं मला झालं.

मागची-पुढची बोलणी सुरू झाली. ऊस, विहीर, कुणाची कोण कुठं दिलेली. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. वहिनी आतून बाहेर यायची नाही. पाहुण्यांपुढं सुनेनं यायची रीत नव्हती. ती फक्त दाराआडून ताटं सरकवायची. मध्ये एकदा तिनं मला चिमटा काढला.

मग आईनं सोपानला बाहेर आणलं.

"घ्या, हा घरातला कारभारी," मामा म्हणाले. त्या बाईनं त्याला मांडीवर घेतलं. सोपान एरवी परक्याकडं जाताना ओठ काढायचा, त्या दिवशी काढला नाही. गाल लाल झाले होते, गुलालासारखे. तो कुणाकडंच बघत नव्हता. हवेत काहीतरी पकडायला बोटं चालवत होता.

"काय रंग आहे बाई लेकराचा! अन् डोळे!" ती बाई मोठ्यानं म्हणाली. "केवढे टपोरे डोळे गं याचे! आत्यावर गेलाय, आत्यावर!"

आतून ताट पडल्याचा आवाज आला.

वहिनी बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. परक्या पुरुषांसमोर ती तशीच आली आणि त्या बाईच्या मांडीवरून तिनं मूल उचललं, म्हणजे हिसकावलंच. दारात नेलं आणि त्याचं तोंड भर उन्हाकडं धरलं. एक हात त्याच्या डोळ्यांवर झाकला, उचलला. पुन्हा झाकला, उचलला. त्याची जीभ तिनं बोटानं चाचपली. कोरडी होती.

"यमुने, काय आरंभलंयस हे?" आई म्हणाली. "चार माणसांत..."

वहिनी वळली. तिची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर गेली, मग कोनाड्याकडं, मग आईच्या उजव्या हातावर. आईच्या बोटाचं टोक काळं होतं. वहिनीचं तोंड उघडलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिनं ते तोंड मिटलं.

"ह्याला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता," एवढंच ती म्हणाली. "जीप काढा, पाव्हणं. पाया पडते."

निघायच्या आधी ती मोरीकडं धावली. बाळाचे डोळे तिनं तांब्यानं धुतले, तोंड धुतलं, पुन्हा डोळे. तांब्या भरून बरोबर घेतला, आणि जीपमध्ये बसल्यावरही पदर भिजवून भिजवून ती त्याचे डोळे पुसत राहिली. तिच्या साडीवर काळे ओघळ आले.

"अगं येडे, काजळ कशाला पुसतेस?" आई रडकुंडीला आली होती. "दिष्टच लागलीय त्याला. एवढ्या माणसांत नेलं माझ्या लेकराला. राहू दे गं ते काजळ!"

वहिनी पुसत राहिली.

सोपानचं अंग तव्यासारखं तापलं होतं. घाम मात्र एक थेंब नव्हता. तो मध्येच खदखदून हसल्यासारखा आवाज करायचा, मध्येच दचकायचा. पिंगळ्यांचा चुलता जीप पळवत होता आणि शेजारी बसलेला तो मुलगा, जो मला बघायला आला होता, मागं वळून सारखा विचारत होता, "श्वास आहे ना? श्वास आहे ना?"

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाळाचे डोळे पाहिले, छातीला नळी लावली आणि विचारलं, "काय खाल्लंय यानं? धोतऱ्याचं बी वगैरे? नक्की सांगा, घाबरू नका."

"धोतरा नाही, साहेब," वहिनी म्हणाली. तिनं कारखान्यातल्या त्या पावडरीचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, तिथं पिंपावर लिहिलेलं असतं तसं, अख्खं. "डोळ्यांत गेलंय ह्याच्या. तोंडात पण गेलं असंल. दोनअडीच तास झाले असतील. डोळे धुतलेत मी."

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. "त्याच्या डोळ्यांत कसं गेलं?"

आई भिंतीला टेकून उभी होती. मीही.

"मी पाळीवरनं आले," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "आंघोळीला रांग होती, म्हणून न न्हाताच निघाले. हात धुतले नाहीत. तसंच ह्याला घेतलं. डोळ्यांतली चिपडं काढली. पाजलं."

मी तिच्याकडं पाहिलं. सकाळी तिच्या पाठीवरची ओल मी पाहिली होती. आई त्या वेळी सोनारणीच्या घरी बाळ न्हाऊ घालत होती. तिनं ती पाहिली नव्हती.

डॉक्टर आतल्या बाईला ओरडून काही सांगत होते. गार पाण्याच्या चादरी, सलाइन. "त्यावरचं औषध आमच्याकडं नसतं. पुण्याला फोन लावा. कारखान्याला लावा, त्यांच्या दवाखान्यात काही आहे का विचारा." मग जाता जाता ते थबकले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "हिचेही डोळे तसेच आहेत की. हिला कसं?"

माझ्या मनगटावर वहिनीची बोटं आवळली. इतकी, की पुढं कितीतरी दिवस तिथं वळ होता.

"हिची वेणी घातली मी सकाळी," वहिनी म्हणाली. "त्याच हातानं."

आणि तेव्हा मला काजळ कळलं. पितळेचं झाकण, आगकाडी, शकूची गोष्ट. आईची ओवी. सगळं एकदम कळलं. मी तोंड उघडलं, पण ती बोटं आणखी आवळली.

दुपारभर आम्ही त्या व्हरांड्यात होतो. पिंगळ्यांची ती बाई परत गेली नाही. तिनं आईला पाणी पाजलं, वहिनीच्या डोक्यावर पदर घातला. आत त्यांनी सोपानला ओल्या कापडात गुंडाळलं होतं. झटके येत होते, थांबत होते. एकदा डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, ताप उतरतोय. वहिनी त्यांच्या पायाशीच बसली. कारखान्याची गाडी काही औषधं घेऊन आलीही. पण दिवस कलायच्या आत सोपान गेला. एवढंसं शरीर होतं. त्याला झगडायला जागाच कुठं होती त्यात?

बाळाला जाळत नाहीत आमच्यात. ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली मामांनी खड्डा घेतला. दादा पोचला तेव्हा माती लोटून झाली होती.

घरी आल्यावर आई वहिनीसमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"हात धुवायला पाणी नव्हतं का गं तुमच्या कारखान्यात?"

वहिनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी गावाची लेकरं हातावर घेते. आधी कोपरापर्यंत हात धुते. उकळलेल्या पाण्यानं. तुला चांगल्या शिकल्या-सवरलेल्या बाईला, दारात टॉर्च मारतात म्हणून सांगत होतीस, तुला हात धुवावंसं वाटलं नाही?"

"चुकलं, आत्याबाई."

"चुकलं म्हणे," आई म्हणाली, आणि मग जो हंबरडा तिनं फोडला तो मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही.

कारखान्यातली माणसं येऊन गेली. वहिनीनं त्यांनाही तेच सांगितलं. शकू त्यांच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "साहेब, ही माझ्याशेजारच्या नळाखाली न्हाली होती." वहिनी म्हणाली, "तो आदला दिवस गं, शके." वहिनीचं काम सुटलं. दादा चार महिने तिच्याशी बोलला नाही, टेम्पोतच झोपायचा. वहिनीला दूध यायचं. चोळी भिजायची. ती परसात जाऊन, भिंतीकडं तोंड करून, ते मातीवर पिळायची, आणि वरून माती ओढायची. त्या मातीतच कुठंतरी तिनं ते पितळेचं झाकणही पुरलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी जवळ गेले की ती म्हणायची, "वन्सं, आत जा. ऊन आहे." माझं काही ऐकूनच घ्यायची नाही.

माझे डोळे आठवड्याभरात पहिल्यासारखे झाले. त्यानंतर पिंगळ्यांचा होकार आला. पोरगी पसंत आहे, सुतक सरू द्या, मग बघू. भली माणसं होती. मी नाही म्हणाले. आईनं कारण विचारलं नाही. घरात तेव्हा कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं.

आईनं न्हाऊ घालायचं सोडलं होतं. बोलावणं आलं तरी उठायची नाही. "ज्या घरचं लेकरू गेलं, त्या घरचा हात कशाला लावायचा दुसऱ्याच्या लेकराला?" म्हणायची. दिवसभर ओट्यावर बसायची, मांडीवर उघडे हात ठेवून. ओव्या बंद झाल्या होत्या. जेवणही तुटत चाललं होतं. मला वाटायला लागलं होतं, ही आता अशीच बसल्या बसल्या विझून जाणार.

पौषात शेजारच्या कोंडाबाईची लेक बाळंत झाली. कोंडाबाई सकाळी सकाळी आमच्या ओट्याशी आली.

"गिरजाअक्का, चला. पोरगं रडून रडून निळं व्हायला लागलंय. पाणी तापवून ठेवलंय."

"नको गं मला."

"असं का म्हणता? तुमच्या हातानं काय केलंय? केलं ते..." कोंडाबाईनं घराकडं पाहिलं. दारात वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. कोंडाबाई थांबली, पण थांबून उपयोग नव्हता. जे बोलायचं ते झालं होतं. "तुमचे हात तर देवाचे, अक्का."

आईनं आपले तळवे उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

वहिनी सूप ठेवून उठली. आत गेली. तेलाची वाटी कोमट करून आणली आणि आईपुढं ठेवली.

"जा, आत्याबाई," ती म्हणाली. "लेकरू खोळंबलंय."

आईनं तेलात बोट बुडवून पाहिलं. मग तिनं वाटी उचलली. पहिल्यांदा उठताना गुडघ्यावर हात ठेवला, मग सरळ झाली, आणि कोंडाबाईच्या मागून गेली.

मला राहवेना. मी वहिनीसमोर जाऊन बसले.

"किती दिवस ऐकून घेणार आहेस हे? आज मी सांगते. आईला सांगते, दादाला सांगते. तू न्हाऊन आली होतीस. ते काजळ..."

"कुणी घातलं, तेही सांगाल?" वहिनीनं विचारलं.

मी ओट्यावरच्या आईच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"पावडर मी आणली, वन्सं. मोज्याच्या घडीत. काडीच्या टोकाएवढी. मला ठाऊक होतं ती काय आहे ते. म्हणजे केलं ते मीच. ते खोटं नाही." ती तांदळातले खडे उचलत होती, हात थांबत नव्हते. "पण बोट त्यांचं होतं. एवढंसं कळलं ना त्यांना, तर त्या उद्याचा दिवस बघायच्या नाहीत. अन् बघितला, तरी पुन्हा कुठल्या लेकराला शिवायच्या नाहीत. नातू तर गेला त्यांचा. हात तरी राहू देत."

शेजारच्या भिंतीपलीकडं बाळाचं रडणं चाललं होतं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला. रडणं चढलं, अडखळलं, आणि हळूहळू हुंदक्यांवर आलं. आणि त्यात आईचा आवाज. आधी नुसता घोगरा, शब्द नसलेला. खाकरून तिनं तो मोकळा केला.

*पायाची केली नाव, पानी वाहतं झुळुझुळू*
*कुणाचं असंना बाई, न्हातं लेकरू हळूहळू*

वहिनी ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आवाज लागला हो त्यांचा," ती म्हणाली.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. गावातली शेकडो लेकरं तिच्या पायांवर न्हाली. पुढं माझं लग्न दुसरीकडं झालं, आणि माझ्या दोन्ही मुलींना तिनंच न्हाऊ घातलं. दादा पुढं वहिनीशी बोलायला लागला, घर पुन्हा घरासारखं झालं, आणि सोपाननंतर चौथ्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. मी तेव्हा सासरहून आले होते. रोज सकाळी आई पाटावर बसून तिला न्हाऊ घालायची, अंग पुसायची, शेक द्यायची, दुपट्यात गुंडाळायची. वहिनी समोर बसलेली असायची, दूध दाटून आलेलं, दोन्ही हात पुढं केलेले.

आई लेकरू लगेच द्यायची नाही. छातीशी धरून ठेवायची, आणि मायेनं नाही, रागानंही नाही, नुसत्या सवयीनं विचारायची,

"हात धुतलेस का गं?"

वहिनीनं धुतलेलेच असायचे. मी पाहिलेलं असायचं. पण एकदाही ती 'हो' म्हणाली नाही. ती उठायची, मोरीवर जायची, आणि कोपरापर्यंत हात धुऊन यायची.